इंजिन सुरू होत नाही, तेव्हा आधी काय विचारायचं?

(महिला शेतकरी गटांच्या तंत्र-शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढे ‘स्त्रिया आणि तंत्रज्ञान’ असा भलाथोरला विषय छापलाय. त्या विषयावर परिसंवाद पुष्कळ झाले, पुढेही होतील. मी आज फक्त एका लहानशा इंजिनाबद्दल बोलणार आहे. पॉवर वीडरवर, फवारणीच्या पंपावर, पाणी उपसायच्या पंपावर जे एका सिलिंडरचं, दोरी ओढून सुरू करायचं पेट्रोलचं इंजिन असतं, ते. आणि त्यातही एकच प्रसंग घेणार आहे: इंजिन चांगलं चालत होतं, त्यात कुणीतरी काहीतरी बदल केला, आणि आता ते सुरूच होत नाही. तुमच्यापैकी निम्म्या गटांकडून हीच तक्रार ऐकली, म्हणून हाच विषय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. बदल करणं वाईट, असं मी म्हणणार नाही. ही यंत्रं ज्यांनी आखली त्यांच्या डोळ्यांसमोर उंचापुरा, पँट घातलेला पुरुष होता. हँडल त्याच्या कमरेच्या उंचीला, स्विच त्याच्या हाताच्या टप्प्यात. आपण पाच फुटी बाया साडी नेसून ते यंत्र चालवणार, तर त्यात बदल लागणारच. तो मागण्याचा आपल्याला हक्क आहे. पण बदल नेमका काय केला, हे आपल्याला ठाऊक असलं पाहिजे. ते ठाऊक नसलं की यंत्र आपलं असूनही आपलं राहत नाही.

यंत्र कागदावर मात्र बऱ्याचदा आपलंच असतं. केंद्र सरकारच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात, म्हणजे २०१४-१५ पासून, अवजारांवर महिला शेतकऱ्याला ५० टक्क्यांपर्यंत अनुदान आणि बाकीच्या सर्वसाधारण शेतकऱ्याला ४० टक्क्यांपर्यंत, असा फरक ठेवला गेला. हेतू चांगला. पण घरोघर झालं काय? अर्ज बाईच्या नावाने, आधार कार्ड बाईचं, फोटोला बाई उभी. आणि यंत्र घरी आलं की दोरी त्याच्या हातात. विक्रेत्याचा माणूस प्रात्यक्षिक दाखवायला येतो तेव्हा ‘भाऊ कुठायत?’ असं विचारतो. भाऊ येईपर्यंत थांबतो. नावावर यंत्र असलेली बाई चहा टाकायला आत जाते. हे दृश्य मी इतक्यांदा पाहिलंय की आता मी गटांना सांगते, त्या दिवशी घरात चहा-साखर ठेवूच नका.

आता त्या एका गटाची गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही, मिस्त्रीचंही नाही. बारा बायकांचा गट, एक पॉवर वीडर. एक हंगाम छान चालला. मग बायकांना दोन अडचणी जाणवल्या. इंजिन बंद करायचा स्विच खाली इंजिनालाच होता. पदर किंवा गवत फिरत्या पात्यात अडकलं तर वाकून बंद करेपर्यंत काय होईल याची भीती. म्हणून स्विच हँडलवर हवा. दुसरं, त्याच इंजिनावर फवारणीचा पंप जोडायचा होता, त्याला पुल्ली बसवायला जागा हवी होती. दोन्ही मागण्या शहाणपणाच्या. वर्कशॉपवाल्याने स्विच वर आणला, पुल्लीसाठी टाकी काढून खाली फ्रेमवर बसवली, आणि ‘ताकद वाढेल’ म्हणून न सांगता कार्बोरेटरही मोठा घातला. त्याचे पैसे मात्र सांगून घेतले.

यंत्र घरी आलं. दोरी ओढली, सुरू होईना. चोक लावून ओढली, चोक काढून ओढली. बारा जणींनी आळीपाळीने ओढली. पारावर बसलेल्यांना करमणूक झाली. ‘बायकांच्या हातात दिलं की असंच व्हायचं’ हे वाक्य तुम्हाला मी सांगायला नको. वर्कशॉपवाला येऊन बघून गेला आणि म्हणाला, इंजिन बसलं, खोलावं लागेल, बोअर करावं लागेल. आकडा ऐकून गटाच्या बचतीचा हिशोब हलला. मग मला फोन आला.

मी तिथे गेल्यावर पाना उचलला नाही. वही मागितली. त्यात तीन प्रश्न लिहिले: शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर कुणी हात लावला? कुठे कुठे लावला? बायका एकमेकींना आठवण करून देत सांगत गेल्या. स्विच. टाकी. पाईप. आणि एकीने जवळून पाहिलं म्हणून कळलं, कार्बोरेटर पण वेगळा दिसतोय.

आता विचार करा. वर्कशॉपला नेलं त्या दिवशी सकाळी हे इंजिन शेतात चालत होतं. पिस्टन आणि सिलिंडर झिजायला हंगामच्या हंगाम जातात. ते वर्कशॉपच्या दारात उभं असताना दोन तासांत झिजणार नाहीत. म्हणजे शोध कुठून सुरू करायचा? जिथे हात लागला तिथून. इंजिन खोलायची गोष्ट सगळ्यात शेवटी.

इंजिनाला चार गोष्टी लागतात. ठिणगी, पेट्रोल, हवा, आणि आत दाब. चुलीचंच उदाहरण घ्या: काडी, लाकूड, फुंकर. फक्त इथे चूल झाकणबंद आहे आणि सगळं ठरल्या वेळी व्हावं लागतं. एका वेळी एकच गोष्ट तपासायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन सुरू झालं, तर कशामुळे झालं हे कधीच कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा तोच मिस्त्री, पुन्हा तेच बिल.

पहिली ठिणगी. पेट्रोलचा कॉक बंद केला, सांडलेलं पेट्रोल पुसून कोरडं केलं. प्लग काढला, त्याच्या टोपीत पुन्हा खोचला आणि प्लगचा लोखंडी भाग इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवून धरला, प्लगच्या भोकापासून लांब. भोकातून पेट्रोलची वाफ येते, ठिणगी तिथे नको. टोपीच्या रबराला धरायचं, हात कोरडे. मग दुसरीने दोरी ओढली. काहीच नाही. निळी सोडा, पिवळी ठिणगीही नाही.

स्विच ‘चालू’वर होता. मी म्हटलं, आता ‘बंद’वर करून ओढ. तिने माझ्याकडे असं बघितलं की बाईचं डोकं ठिकाणावर आहे ना! ओढली, आणि चट् चट् निळी ठिणगी.

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट घरच्या दिव्याच्या अगदी उलटी आहे आणि म्हणूनच भल्याभल्यांना चकवते. घरात बटण दाबलं की तार जोडली जाते आणि दिवा लागतो. या इंजिनात बॅटरी नाही. फ्लायव्हीलवर लोहचुंबक आहे, ते कॉईलसमोरून फिरलं की कॉईलमध्ये वीज तयार होते आणि प्लगला ठिणगी पडते. स्विचचं काम ठिणगी देण्याचं नाहीच, ती मारण्याचं आहे. कॉईलकडून आलेली एक बारीक तार स्विचमधून इंजिनाच्या बॉडीला टेकवली की वीज तिथेच जिरते आणि इंजिन बंद पडतं. म्हणजे तार तुटलेली असेल तर इंजिन चालू, जोडली असेल तर बंद. वर्कशॉपवाल्याने दुकानातला साधा दिव्याचा स्विच आणून लावला. त्यावर ‘चालू’ केलं की तार जोडली जाई आणि ठिणगी मरे. बारा बायका ‘चालू’ करून करून दोरी ओढत होत्या. इंजिन त्यांचं म्हणणं अगदी तंतोतंत ऐकत होतं!

खूण उलटी करून काम भागवता आलं असतं. तसं करू नका. घाबरलेल्या क्षणी हात ‘बंद’कडेच जातो, तिथे खरोखर बंद झालं पाहिजे. याच कामासाठीचा स्विच मिळतो, तो स्वस्तही असतो. आणि त्या बारीक तारेला कधीही बॅटरी जोडू देऊ नका, कॉईल जळते.

हीच तार हँडलपर्यंत नेताना कुठे पत्र्याखाली चिमटली, तिचं आवरण सोललं आणि बॉडीला टेकली, तरी ठिणगी जाते. शंका असेल तर ती तार कॉईलजवळ काढून ठेवायची आणि पुन्हा ठिणगी बघायची. आली, तर कॉईल चांगली आहे, दोष तारेत किंवा स्विचमध्ये. तार काढलेली असताना इंजिन सुरू झालंच तर ते स्विचने बंद होणार नाही, चोक पूर्ण लावून बंद पाडायचं, हे लक्षात ठेवा. बऱ्याच इंजिनांत तेल कमी झालं की ठिणगी तोडणारी एक सोय असते, तीही याच तारेला जोडलेली. इंजिन नव्या फ्रेमवर तिरपं बसवलं तर आत तेल पुरेसं असूनही ते एका बाजूला जातं, आणि ती सोय म्हणते तेल नाही. तेल बघायचं ते यंत्र सपाट जागी ठेवून.

बरं, ठिणगी आली. प्लगची फट साधारण ०.७ ते ०.८ मिलिमीटर हवी, ती बघून प्लग परत बसवला, कॉक उघडला. दोरी ओढली. एकदा ‘फट्’ झालं आणि गप्प. दहा वेळा ओढून प्लग पुन्हा काढला. कोरडा ठणठणीत. प्लग ओला निघाला असता तर पेट्रोल पोचतंय पण जळत नाही, असा अर्थ झाला असता. कोरडा म्हणजे पोचतच नाही. कार्बोरेटरच्या वाटीखाली एक स्क्रू असतो, तो सैल करून खाली कप धरला. चार थेंब आले, थांबले.

टाकी भरलेली होती. मग पेट्रोल का येईना? तिथे बसलेल्या एका आजींनी सांगितलं. शाळेत न गेलेल्या बाई. म्हणाल्या, ‘अगं, हंडा खाली आणि तोटी वर, पाणी येईल कसं?’ बरोबर तेच. या इंजिनांना पेट्रोल ओढायचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, उताराने पेट्रोल येतं. वर्कशॉपवाल्याने टाकी फ्रेमवर खाली नेली. तिचा तळ कार्बोरेटरच्याही खाली गेला. आम्ही टाकी सोडवून दोघींनी हाताने वर धरली, तर कपात धार लागली. मग लोहाराकडून पट्टी करून टाकी पुल्लीच्या बाजूला पण उंच बसवून घेतली. पाईपला मध्ये वर उचललेला वळसा राहू द्यायचा नाही, त्यात हवा अडकते. आणि टाकीच्या झाकणाला बारीक भोक असतं ते बुजलेलं नाही ना, हे बघायचं. ते बुजलं की इंजिन पाच-दहा मिनिटं चालून मरतं, झाकण उघडलं की पुन्हा चालतं. लोक याला ‘गरम झाल्यावर बंद पडतं’ म्हणतात आणि भलतंच काही बदलत बसतात.

तिसरी अडचण कार्बोरेटरची. आता इंजिन सुरू व्हायचं, पण चोक काढला की मरायचं. चोकवरच चालतं म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. मोठ्या कार्बोरेटरखाली कागदी पॅकिंगच नव्हतं, नुसतं सिलिकॉन फासलेलं, आणि एका बाजूने फट. त्या सांध्याभोवती जाडसर ग्रीस लावलं तेव्हा इंजिन जरा स्थिर झालं, म्हणजे हवा तिथूनच घुसत होती. आम्ही जुना कार्बोरेटर परत मागवला. ‘भंगारात दिला’ असं उत्तर आलं. बायका दुकानासमोर जाऊन बसल्या, तासाभरात तो भंगारातून परत आला. नवीन पॅकिंग घालून बसवला, त्यातली भोकं भोकांसमोर आली आहेत ना हे बघून. ताकद वाढवण्यासाठी कार्बोरेटर बदलायचा नाही. या इंजिनांना वेग आवरणारा गव्हर्नर असतो, साधारण मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या पुढे जाऊ न देणारा. त्याची स्प्रिंग कुणी काढायला किंवा बांधून टाकायला लागलं तर सरळ ‘नाही’ म्हणा. अतिवेगाने फुटलेल्या इंजिनाचे तुकडे बाई-पुरुष बघत नाहीत.

एवढं झालं आणि इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. बोअर-बिअर काही नाही. खर्च एक स्विच, एक पॅकिंग, आणि लोहाराची पट्टी.

आता दोरीबद्दल. ‘बायकांना ताकद नसते, म्हणून सुरू होत नाही’ हे तुम्ही ऐकता आणि कधीकधी खरंही मानता. या प्रकारच्या पुष्कळ इंजिनांत दोरी ओढताना दाब थोडा सोडून देणारी रचना कॅमशाफ्टवरच असते, म्हणजे ओढायला हलकं जावं म्हणून. व्हॉल्व्हची फट वाढली की ती रचना व्हॉल्व्हला उचलू शकत नाही आणि दोरी दगडासारखी लागते. फट किती हवी ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत असतं. एका प्रचलित जातीत आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि बाहेर टाकणाऱ्याला ०.२० मिलिमीटर, इंजिन थंड असताना. फिलर गेजने मोजता येते. तेव्हा दोरी जड लागली तर दंड चाचपू नका, व्हॉल्व्ह तपासा. आणि दोरी जर उलट झटका देत असेल, बोटं ओढून नेत असेल, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली असण्याची शक्यता आहे. ठिणगी भलत्या वेळी पडते. अशा वेळी ओढत राहायचं नाही, मनगट जाईल.

दोरी ओढायची पद्धत असते: आधी हळू, अडेपर्यंत. मग थोडी सोडून, एका दमात. हाताने सोडून द्यायची नाही, परत नेऊन ठेवायची. पदर खोचलेला, वेणी बांधलेली, ओढणी बाजूला. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही, त्याचा धूर वास येण्याआधी माणूस मारतो.

एक बदल असाही आहे की जो कुणी आपल्या यंत्रात केलेला नाही, तरी यंत्राला भोवतो. पेट्रोलच बदललं. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल झालं आणि २०२५ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळाभर अर्ध्या टाकीत पेट्रोल ठेवून यंत्र कोपऱ्यात उभं केलं, तर त्यातलं पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसू शकतं, आणि कार्बोरेटर तळाचंच आधी घेतो. जुन्या यंत्रांचे रबरी पाईप आणि पॅकिंग यात फुगतात, चिकट होतात. काचेच्या बाटलीत पेट्रोल काढून उजेडात धरा, खाली वेगळा थर दिसला तर ते सगळं काढून टाका. यंत्र महिनाभर वापरायचं नसेल तर टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी करून ठेवा. ज्या उसापासून हे इथेनॉल होतं तो तोडायला आपल्याच बाया जातात, आणि त्याच्यापायी यंत्र बंद पडलं की नावंही आपल्यालाच ठेवली जातात. असो, तो विषय वेगळ्या शिबिराचा.

काल एकीने विचारलं, घरच्या गॅस सिलिंडरवर इंजिन चालवायचं किट गावात मिळतं, घेऊ का? नको. घरगुती सिलिंडर दुसऱ्या कामाला वापरणं २००० सालच्या आदेशानुसार बेकायदा आहे, आणि गळती झाली तर कायद्याची वेळच येणार नाही.

हे सगळं शिकता येतं का, असं कुणी विचारलं तर १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्येच्या कामातून बायका हातपंप दुरुस्त करायला शिकल्या, ते सांगत जा. त्यातल्या कितीतरी निरक्षर होत्या, दलित, आदिवासी होत्या. पाणी भरणं बाईचं आणि पंप दुरुस्त करणं पुरुषाचं, ही वाटणी त्यांनी हातात पाना घेऊन मोडली. आपल्याकडे अजून ‘मिस्त्रीण’ म्हटलं की लोकांना मिस्त्रीची बायको वाटते.

त्या बारा जणींनी आता एक वही केली आहे. यंत्राला कुणीही हात लावला की तारीख, नाव, काय काढलं, काय घातलं, काढलेला भाग कुठे ठेवला. वर्कशॉपला यंत्र जातं तेव्हा दोघी बरोबर जातात आणि काम संपेपर्यंत तिथेच बसतात. सुरुवातीला त्या वर्कशॉपवाल्याला राग आला. मग त्याने एक खुर्ची बाहेर ठेवली. हल्ली म्हणे दोन असतात.

दुपारी जेवणानंतर मागच्या पडवीत दोन इंजिनं ठेवली आहेत. दोन्हींत मी सकाळीच काहीतरी बदलून ठेवलंय, काय ते सांगणार नाही. प्रत्येक गटाने आपली वही, प्लगचा पाना आणि एक काचेची बाटली आणायची. ज्यांनी आजवर दोरी ओढलेली नाही, त्यांचा नंबर आधी.